वेबिलाच्या पाठीवर

पैठण आगार, बिल्ला नंबर चार हजार एकशे सात.
एकतीस वर्षं माझ्यापुढे कायम एक ड्रायव्हर होता,
त्याच्या मानेवरच्या घामोळ्यासकट मला रस्ता पाठ होता.
आता पुढे कुणी नाही.
पुढे नाथसागर,
आणि मागे, सुकाणूच्या दांड्यावर, माझाच हात.

होडी पत्र्याची. शीड फ्लेक्सचं,
कुण्या भावी सरपंचाच्या वाढदिवसाचं,
मंडपवाल्या आसिफनं दुहेरी शिवून दिलेलं.
वारा भरला की साहेबांचे गाल फुगतात.
वारा पडला की
शुभेच्छांना सुरकुत्या.

काल रात्री जुन्या वेबिलाच्या पाठीवर मी आखून ठेवलं:
सुटणे सहा दहा.
पक्ष्यांचं बेट आठ चाळीस, थांबा नाही.
ठकूबाईच्या गावचा काठ, बारा पाच.
तिला फोन करून सांगितलंही,
बाराला तवा ठेव.
कडूबा भोयानं तो कागद उलटासुलटा करून पाहिला
आणि म्हणाला,
"मास्तर, हे वाऱ्याला दाखिवलं का?"

नवापर्यंत वारा पाठीशी होता,
पूर्वेचा, फेब्रुवारीचा,
पगाराच्या दिवशीच्या माणसासारखा.
साडेनवाला तो मधेच उतरून गेला,
बेल न मारता.
मी घड्याळ पाहिलं. सवय.
पाऊण तास लेट. सांगू कुणाला?
खिडकीतून डोकं काढणारं कुणी नाही,
सुट्ट्यांसाठी हात पुढे करणारं नाही.
एकटेपणा असा असतो हे मला ठाऊक नव्हतं:
उशीर होतो
आणि कुणीच भांडत नाही.

मग वारा आला तो समोरून.
होडी थेट त्याच्या तोंडावर जात नाही, हे मी वाचलं होतं.
हातांनी वाचलं नव्हतं.
डावीकडची दोरी ओढली, ती निघाली उजवीकडची;
आडवा बांबू डोक्यावरून फिरला,
टोपी पाण्यात.
तिरकं. मग उलट तिरकं.
कोसभर जायला तीन कोस,
आणि एवढं करून
पाण्यातून डोकं काढलेला तोच वाळका बाभळीचा बुंधा, तिसऱ्यांदा.
तिसऱ्या वेळी मी त्याला रामराम घातला.

उथळ जागी तळाची फळी कशाला तरी घासली.
भिंत असेल. धरणाआधी इथं गाव होतं,
कडूबानं नाव सांगितलं होतं, मी विसरलो.
एकदा जरी तिथलं तिकीट फाडलं असतं
तर विसरलो नसतो.

दीड वाजता मी वेबिलाची घडी घातली
आणि जिथून पाणी झिरपत होतं
त्या जोडात कोंबलं.
तिथं ते चांगलं बसलं.
शीड जरा ढिलं सोडलं.
म्हटलं, बरं बाबा, तुझा रूट कोणता?
आणि दक्षिणेच्या काठाला लागलो
जिथं माझं काहीच काम नव्हतं.

गाळपेऱ्यात एक पोरगी टरबुजाच्या वेलांना
डब्यानं पाणी घालत होती.
"पाहुणे, पलीकडून आलात काय? हा नगर जिल्हा."
म्हणजे विभागाची हद्द ओलांडली,
साहेबांच्या सहीशिवाय.

तेवढ्यात ठकूबाईचा फोन.
"कितीला येतूस?"
या प्रश्नाचं उत्तर मी आयुष्यभर आकड्यात दिलं.
म्हटलं, "वारा फिरला की."
ती थोडी गप्प.
मागं कुठंतरी तवा खाली उतरवल्याचा आवाज.
"मंग भाकर झाकून ठिवते."

पोरीनं टरबूज दगडावर फोडून अर्धं मला दिलं.
पैसे घेईना. शंभराची नोट तशीच खिशात,
सुट्टे नव्हतेच माझ्याकडे,
माझ्याकडे!

सांज होता होता
शिडावरच्या साहेबांचा एकच गाल हलकेच फुगला.
दक्षिणेचा वारा की पूर्वेचा, कळत नव्हतं अजून.
मी होडी ढकलली, आत बसलो,
तिकिटाचा जुना पंच काढून
पत्र्यावर दोनदा वाजवला.
टण टण.
कुणी गाडी काढेना.

मग आठवलं, कुणी काढायची ते.